विल्म्स ट्यूमर, डब्ल्यूटी-१ जीन आणि अर्धवट राहिलेली किडनी

प्रश्न थोडक्यात असा आहे. अडीच वर्षांच्या भाचीला डाव्या किडनीत विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांना होणारा किडनीचा कॅन्सर, निघाला, आधी केमो देऊन मग किडनी काढली, रिपोर्टमध्ये 'स्ट्रोमल टाइप' आणि 'इंट्रालोबार नेफ्रोजेनिक रेस्ट' असं लिहून आलंय, डॉक्टरांनी डब्ल्यूटी-१ नावाच्या ट्यूमर सप्रेसर जीनची टेस्ट सांगितली आहे. मामा विचारतायत की कॅन्सर रोखणाऱ्या जीनचा किडनी तयार होण्याशी काय संबंध, केमो देऊनही गाठ फारशी लहान का झाली नाही, यात आई-वडिलांचं काही चुकलं का, आणि ताईला आता पुन्हा दिवस गेलेत तर त्या बाळाचं काय.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, लहान मुलांच्या गाठी बरीच वर्षं बघतेय. म्हणजे सर्जनने काढलेली किडनी माझ्या टेबलावर येते, तिचे काप घेऊन स्लाइड बनतात आणि तुमच्या हातात जो रिपोर्ट आहे तसे रिपोर्ट मी लिहिते. औषधाचा डोस, पुढच्या सायकल्स हे तुमच्या ऑन्कोलॉजिस्टना विचारा, बाकीचं मी सांगते. उत्तर लांबेल, पण प्रश्न महत्त्वाचा आहे आणि अर्धवट माहितीने घरात किती भांडणं होतात ते मी बघितलंय.

ट्यूमर सप्रेसर जीन म्हटलं की सगळीकडे गाडीच्या ब्रेकचं उदाहरण देतात, की ब्रेक फेल झाला की पेशी सुसाट वाढतात. काही जीनच्या बाबतीत हे बऱ्यापैकी खरं आहे पण डब्ल्यूटी-१ ला ते नीट लागू होत नाही. डब्ल्यूटी-१ चं मूळ काम आहे किडनी घडवणं. पोटातल्या बाळाच्या कच्च्या पेशींना पक्क्या किडनीच्या पेशी बनवायचं काम तो करतो, आणि ते काम मधेच अडलं की त्या पेशी कच्च्याच राहतात आणि वाढत राहतात. गाठ तयार होते ती तिथून. त्यामुळे हा जीन बिघडला का एवढंच विचारून भागत नाही, किडनी बनायच्या कुठल्या टप्प्याला बिघडला यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

आता किडनी कशी बनते ते बघा. गर्भ साधारण पाच आठवड्यांचा असताना एका नळीला छोटासा कोंब फुटतो, त्याला युरेटरिक बड म्हणतात, आणि तो शेजारच्या पेशींच्या एका गठ्ठ्यात शिरतो. त्या गठ्ठ्यातल्या पेशी जीडीएनएफ नावाचं रसायन सोडून कोंबाला बोलावतात, कोंब आत आला की तो त्यांना जगवणारे सिग्नल देतो, मग कोंबाला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीच्या टोकावर या कच्च्या पेशींची टोपीसारखी एक रास बसते. या राशीतल्या प्रत्येक पेशीपुढे दोनच रस्ते असतात, एकतर दुभंगून आपल्यासारख्याच कच्च्या पेशी वाढवायच्या म्हणजे साठा टिकतो, नाहीतर नेफ्रॉन बनायला लागायचं. नेफ्रॉन म्हणजे रक्त गाळणारं किडनीचं युनिट, एका किडनीत सरासरी १० लाखांच्या आसपास असतात, माणसामाणसात खूप फरक असतो. सगळेच कच्चे राहिले तर किडनी बनणार नाही, सगळेच लगेच पक्के झाले तर साठा संपून किडनी इवलीशी राहील, तर हा तोल आठवडेच्या आठवडे सांभाळावा लागतो. साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत साठा पूर्ण वापरून संपतो आणि त्यानंतर माणसाला आयुष्यात एकही नवा नेफ्रॉन मिळत नाही.

या सगळ्यात डब्ल्यूटी-१ तीन वेळा लागतो. पहिल्यांदा अगदी सुरुवातीला, तो गठ्ठा जिवंत राहावा म्हणून. दुसऱ्यांदा कच्च्या पेशीचा नेफ्रॉन होताना, तेव्हा तो डब्ल्यूएनटी-४ नावाचा दुसरा जीन चालू करायला मदत करतो आणि सुट्ट्या पेशी एकमेकींना चिकटून नळी बनवायला लागतात. आणि तिसऱ्यांदा पोडोसाइट नावाच्या पेशींमध्ये, या गाळणीवर बसलेल्या असतात आणि तिथे हा जीन जन्मभर चालू राहतो. म्हाताऱ्या माणसाच्या किडनीवर डब्ल्यूटी-१ चा स्टेन, म्हणजे ते प्रोटीन जिथे असेल तिथे उठणारा रंग, लावला तरी पोडोसाइटची केंद्रकं तपकिरी उठून दिसतात.

उंदरांवरच्या प्रयोगांत हे टप्पे फार स्वच्छ दिसलेत. १९९३ मध्ये डब्ल्यूटी-१ पूर्ण काढून टाकलेले उंदीर बनवले, तर त्यांना ट्यूमर झालाच नाही कारण किडनीच बनली नाही, कोंब फुटला नाही आणि तो गठ्ठा मरून गेला, पिल्लं जन्मायच्या आधीच गेली. नंतर २०११ मध्ये एका गटाने गर्भातच पण थोडं उशिरा, काही पेशींमध्येच हा जीन बंद केला आणि जोडीला आयजीएफ-२ हे वाढीचं प्रोटीन वाढवलं, तेव्हा उंदरांना विल्म्ससारखा ट्यूमर झाला. आणि त्याच वर्षी दुसऱ्या गटाने पूर्ण वाढ झालेल्या उंदरात तो बंद केला तर ट्यूमर नाही, गाळण्या खराब होऊन काही दिवसांत किडनी फेल. जीन तोच, पण आधी गेला तर किडनी नाही, मधे गेला तर कॅन्सर, शेवटी गेला तर किडनी फेल्युअर. मी शिकवताना विद्यार्थ्यांना आधी हेच सांगते कारण हे कळलं की सिंड्रोमची नावं पाठ करावी लागत नाहीत.

आता तुमच्या रिपोर्टकडे येऊ. विल्म्स ट्यूमरची स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवली की तीन गोष्टी दिसतात. एक, छोट्या गोल गडद निळ्या पेशींचे दाट पुंजके, यांना ब्लास्टेमा म्हणतात, त्यांना केंद्रकच केंद्रक असतं, भोवती सायटोप्लाझम जवळजवळ नाहीच. दोन, मधेच या पेशींनी वर्तुळात उभं राहून नळी बनवायचा प्रयत्न केलेला दिसतो, कधी अर्धवट गाळणीसारखा गोळाही दिसतो पण त्यात रक्तवाहिनी नसते. आणि तीन, या दोघांच्या मधे सैलसर स्ट्रोमा, म्हणजे आधार देणाऱ्या पेशींचा भाग, ज्यात कधीकधी चक्क हातापायाच्या स्नायूसारखे आडव्या रेघांचे तंतू सापडतात, किडनीत स्नायू! शेजारी आठ-दहा आठवड्यांच्या गर्भाच्या किडनीची स्लाइड ठेवली तर दोन्हीत तेच घटक ओळखू येतात, फरक एवढाच की गर्भात प्रत्येक गोष्ट जागच्या जागी आहे आणि ट्यूमरमध्ये कशाचा कशाला मेळ नाही. माक्स विल्म्स या जर्मन सर्जनने १८९९ मध्येच लिहून ठेवलं होतं की हे सगळे वेगवेगळे दिसणारे भाग एकाच प्रकारच्या कच्च्या गर्भपेशींपासून आलेले असणार. जीन हा शब्दसुद्धा तेव्हा नव्हता.

आणि नेफ्रोजेनिक रेस्ट म्हणजे काय, तर ३६ आठवड्यांनंतर जो साठा संपायला हवा होता त्यातला उरलेला तुकडा. तपासायला गेलं तर साधारण १ टक्का नवजात बाळांच्या किडनीत असे तुकडे सापडतात आणि त्यातले बहुतेक आपोआप विरून जातात, त्या मुलांना कधीच काही होत नाही. विल्म्स झालेल्या मुलांत मात्र साधारण तिघातल्या एकाच्या किडनीत ते ट्यूमरशेजारी सापडतात. किडनीच्या कडेला असले तर पेरिलोबार, आत खोल असले तर इंट्रालोबार. हा फरक पॅथॉलॉजिस्ट उगाच लिहीत नाहीत, कडेचे रेस्ट साठा संपत आला तेव्हाच्या गडबडीतून येतात आणि आतले रेस्ट फार लवकरच्या गडबडीतून, आणि हे आतले रेस्ट, स्ट्रोमा जास्त असलेला ट्यूमर, स्नायूचे तंतू आणि लहान वय असं एकत्र दिसलं की डब्ल्यूटी-१ चा संशय वाढतो. तुमच्या डॉक्टरांनी टेस्ट सांगितली ती याच्यामुळे, आणि बरोबर सांगितली आहे.

थोडं इतिहासात जाते कारण त्यातून दुसऱ्या बाळाच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. प्रत्येक जीनच्या दोन प्रती असतात, एक आईकडून एक बाबांकडून. १९७१ मध्ये आल्फ्रेड नुडसन यांनी रेटिनोब्लास्टोमा या डोळ्यांच्या कॅन्सरच्या ४८ मुलांची आकडेवारी बघून मांडलं की कॅन्सरला दोन धक्के लागतात. ज्या मुलाला पहिला धक्का जन्मतःच प्रत्येक पेशीत मिळालेला असतो त्याला लवकर आणि बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत गाठी होतात, बाकीच्यांना दोन्ही धक्के एकाच पेशीत नंतर बसावे लागतात म्हणून उशिरा आणि एकच गाठ. पुढच्याच वर्षी लुईस स्ट्राँग यांच्याबरोबर त्यांनी हाच विचार विल्म्सला लावला. तिकडे १९६४ मध्येच रॉबर्ट मिलर आणि सहकाऱ्यांनी नोंदवलं होतं की डोळ्यात बुबुळाचा रंगीत पडदाच नसलेल्या मुलांना विल्म्स जरा जास्तच होतो. डोळ्याचा आणि किडनीचा काय संबंध? तर ११ व्या क्रोमोसोमच्या छोट्या भुजेचा एक तुकडा या मुलांत गळालेला असतो, त्या तुकड्यात डोळ्याचा पॅक्स-६ जीन असतो आणि जवळच डब्ल्यूटी-१, दोघंही एकदम जातात. या मुलांचा माग काढतच १९९० मध्ये डब्ल्यूटी-१ सापडला. या स्थितीला वॅगर सिंड्रोम म्हणतात आणि त्यातल्या साधारण निम्म्या मुलांना विल्म्स होतो.

डेनिस-ड्रॅश सिंड्रोममध्ये तुकडा गळत नाही, डब्ल्यूटी-१ चं एक अक्षर बदलतं, पण नेमकं तिथे जिथून हे प्रोटीन डीएनएला धरतं. गंमत म्हणजे एक प्रत पूर्ण गायब असण्यापेक्षा ही बिघडलेली प्रत असणं जास्त वाईट, कारण ती चांगल्या प्रतीच्या कामातही खोडा घालते. मग पोडोसाइट सुरुवातीपासून दुबळे, लघवीतून प्रोटीन जायला लागतं, लहानपणीच किडनी फेल होते आणि विल्म्सचा धोकाही फार मोठा. मुलगा असेल तर जननेंद्रियांच्या घडणीतही फरक पडतो कारण वृषण बनवायलाही हाच जीन लागतो, म्हणूनच विल्म्सच्या मुलाची फाइल आली की मी आधी बघते की अंडकोष खाली उतरलेत का, लघवीची जागा बरोबर आहे का हे कुणी लिहिलंय का. मुलींमध्ये बाहेरून बहुतेक वेळा काहीच कळत नाही, त्यामुळे मुलीत रक्ताच्या टेस्टला जास्त महत्त्व.

पण सगळे विल्म्स डब्ल्यूटी-१ मुळे होत नाहीत. साधारण १० ते २० टक्के ट्यूमरमध्येच तो बिघडलेला सापडतो, उलट उरलेल्या कित्येक ट्यूमरमध्ये ब्लास्टेमात डब्ल्यूटी-१ भरपूर असतो, स्टेन लावला तर गडद येतो. बऱ्याच मोठ्या गटात, जवळजवळ दोनतृतीयांश ट्यूमरमध्ये, गडबड ११ व्या क्रोमोसोमवरच पण वेगळ्या ठिकाणी असते, तिथे आयजीएफ-२ आणि एच-१९ हे दोन जीन शेजारी शेजारी बसतात. आयजीएफ-२ ची फक्त बाबांकडून आलेली प्रत चालू असते आणि आईकडची गप्प, आईकडचीही चालू झाली की वाढीचं प्रोटीन दुप्पट. इथे जीनची अक्षरं बरोबर असतात, त्याच्यावरच्या रासायनिक खुणा बदललेल्या असतात. बेकविथ-वीडमन सिंड्रोमची मुलं, जीभ मोठी, बेंबीपाशी हर्निया किंवा तसं काही, शरीराची एक बाजू जरा मोठी, ती याच गटातली. २०१९ मध्ये तर असं दिसलं की काही मुलांत ट्यूमरच्या आजूबाजूची जी किडनी मायक्रोस्कोपखाली एकदम नॉर्मल दिसते तिच्यातही मोठे मोठे पट्टे एकाच मूळ पेशीपासून आलेले असतात आणि त्या पेशींमध्ये एच-१९ ची खूण आधीच बदललेली असते. म्हणजे मी ज्या तुकड्याला नॉर्मल म्हणून सही करते तोही पूर्ण कोरा नसतो, हे वाचल्यापासून किडनीचा उरलेला भाग बघताना मी जास्त काप घ्यायला लागले.

डब्ल्यूटीएक्स हा अजून एक, २००७ मध्ये सापडला, तो एक्स क्रोमोसोमवर आहे. मुलांना एक्स एकच आणि मुलींचा दुसरा बंद असतो, त्यामुळे इथे एकच धक्का पुरतो. आणि विशेष म्हणजे जी मुलं जन्मतःच या जीनच्या बिघाडासह येतात त्यांची हाडं नीट बनत नाहीत, कवटी जाड होते, पण त्यांच्यात विल्म्सचा धोका ठळक वाढलेला दिसत नाही. मला हे फार विचार करायला लावतं, कारण सगळ्या शरीरात पहिल्यापासून बिघाड असला तर शरीर त्यातून काहीतरी वाट काढतं आणि तोच बिघाड नेमक्या टप्प्यावर एका कच्च्या पेशीत झाला तर ट्यूमर होतो. ड्रोशा, डीजीसीआर-८ वगैरे मायक्रो-आरएनए बनवणारे जीन, सिक्स-१ आणि सिक्स-२ हेही याच कच्च्या पेशी पक्क्या होण्याच्या कामातले आहेत, त्यांच्यात खोल जात नाही.

टीपी-५३ चं मात्र सांगायला हवं. तो खऱ्या अर्थाने ब्रेकवाला जीन, किडनी घडवण्याशी त्याचा तसा खास संबंध नाही. विल्म्समध्ये तो सहसा उशिरा बिघडतो आणि तेव्हा स्लाइडवर पेशी राक्षसी मोठ्या, केंद्रकं वेडीवाकडी दिसतात, याला अ‍ॅनाप्लाझिया म्हणतात आणि अशा ट्यूमरवर केमो नीट चालत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये 'अ‍ॅनाप्लाझिया दिसला नाही' अशी ओळ आहे का ते बघा. ती फार चांगली ओळ आहे.

आता गाठ लहान का झाली नाही. युरोपच्या पद्धतीने आधी चार आठवडे व्हिन्क्रिस्टीन आणि अ‍ॅक्टिनोमायसिन-डी देऊन मग ऑपरेशन करतात, अमेरिकेत सहसा आधी ऑपरेशन, दोन्हीचे रिझल्ट जवळपास सारखे आहेत. केमोने ब्लास्टेमा पटापट मरतो कारण तो सारखा दुभंगत असतो. स्ट्रोमा आणि स्नायूच्या पेशी बऱ्यापैकी पक्क्या झालेल्या असतात, त्या दुभंगत नाहीत म्हणून मरतही नाहीत, आणि सोनोग्राफीवर गाठ तेवढीच दिसते, कधी तर वाढलेली दिसते. घरच्यांचा धीर सुटतो तो इथेच, आणि काही जण उपचार सोडून दुसरीकडे जातात, कुणी काढा सुरू करतं. असं करू नका, हात जोडून सांगते. गाठीचा आकार बघायचा नाही, आत काय उरलंय ते बघायचं. स्ट्रोमा उरला असेल तर साधारणपणे चांगलं असतं, उलट गाठ छान लहान होऊनही आत ब्लास्टेमाच उरला असेल तर तो हाय रिस्क धरतात. तुमच्या भाचीचा 'स्ट्रोमल टाइप' या हिशोबात मधल्या, इंटरमीजिएट रिस्कच्या गटात येतो. स्टेज किती आहे त्यावर पुढची केमो ठरेल. चांगली हिस्टॉलॉजी, म्हणजे मायक्रोस्कोपखाली अ‍ॅनाप्लाझिया न दिसलेली गाठ, असलेल्या विल्म्सची मुलं पूर्ण उपचार मिळाले तर ९० टक्क्यांच्या आसपास बरी होतात, पूर्ण उपचार हे शब्द परत वाचा. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते हॉस्पिटलच्या सोशल वर्करला आजच विचारा, लाजू नका.

घरात कुणाचं चुकलं का. नाही. ताईने ग्रहणात भाजी चिरली म्हणून, पपई खाल्ली म्हणून, मोबाइल पोटाशी धरला म्हणून हे झालेलं नाही. गर्भाच्या किडनीत लाखो पेशी दुभंगताना एका पेशीत एक चूक राहते, आणि ती चूक कुणी केलेली नसते. सासरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा. ज्या आईने मूल आजारी असताना रात्री जागून काढल्यात तिला वरून दोष ऐकावा लागतो हे मला अजिबात सहन होत नाही.

दुसऱ्या बाळाचं असं आहे. टेस्ट दोन ठिकाणी होते, ट्यूमरमध्ये आणि रक्तात. बिघाड फक्त ट्यूमरमध्ये निघाला आणि रक्तात नाही तर तो भाचीच्या त्या एका किडनीपुरता, भावंडाला धोका १ टक्क्याहूनही कमी. रक्तात निघाला तर तो तिच्या सगळ्या शरीरात आहे, मग आई आणि बाबा दोघांचं रक्त तपासायचं. डब्ल्यूटी-१ मध्ये बहुतेक वेळा दोघांचंही नॉर्मल येतं, बिघाड या मुलीतच नव्याने झालेला असतो, आणि मग पुढच्या बाळाला धोका अगदी कमी, पूर्ण शून्य म्हणत नाही कारण क्वचित आई किंवा बाबांच्या काही बीजपेशींतच तो लपलेला असतो. दोघांपैकी एकाच्या रक्तात सापडला तर मात्र प्रत्येक बाळाला ५० टक्के शक्यता, तेव्हा जेनेटिक काउन्सेलरकडे जायलाच हवं आणि दिवस गेलेत तर लवकर जा, थांबू नका. ज्या बाळात हा बिघाड असतो त्याची दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी साधारण सात वर्षांची होईपर्यंत करतात. सोनोग्राफीत रेडिएशन नसतं. तीनच महिन्यांचं अंतर का तर हा ट्यूमर फार झपाट्याने वाढतो, आंघोळ घालताना अचानक पोट टणक लागलं असं आया सांगतात ते खरं असतं.

भाचीच्या रक्तात बिघाड निघाला तर अजून दोन गोष्टी. तिची उजवी किडनी आता एकटी आहे आणि तिच्यातही रेस्ट असू शकतात, म्हणून सोनोग्राफी चुकवायची नाही आणि तिथे काही दिसलंच तर पूर्ण किडनी न काढता फक्त गाठ काढता येईल का हे आधी विचारायचं. आणि मी वर पोडोसाइटचं सांगितलं ते आठवा, कॅन्सर बरा झाल्यावरही तोच जीन गाळणीत काम करतोय, म्हणून बीपी आणि लघवीतलं प्रोटीन मोठी होईपर्यंत नियमित बघायचं, त्यासाठी ऑन्कोलॉजिस्टबरोबर लहान मुलांचे किडनीचे डॉक्टरही जोडीला हवेत. रक्त नॉर्मल आलं तरी एका किडनीवर जगणाऱ्या मुलीचं बीपी वर्षातून एकदा तरी बघावंच, आणि मनाने पेनकिलर द्यायच्या नाहीत, इबुप्रोफेन तर नाहीच.

शेवटचं एक काम जे कुणी सांगत नाही. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागात तिच्या ट्यूमरचे मेणाचे ब्लॉक ठेवलेले असतात. जीनची टेस्ट त्यातून करता येते, पुढे नवीन टेस्ट आली तरी त्यातूनच करतील. ते किती वर्षं ठेवतात हे विचारून घ्या, अर्ज करून एक-दोन ब्लॉक आणि स्लाइड स्वतःकडे मिळतात का बघा, आणि मिळाले तर उन्हापासून लांब कोरड्या डब्यात, वर तिचं नाव, तारीख आणि बायोप्सी नंबर लिहून ठेवा.